परीक्षकाचे निकट नातेवाईक

माकणी, सोमवार, ६ जानेवारी २०२५
दुपार

कृष्णा,

आधी वर 'चिरंजीव' लिहिलं होतं. खोडलं. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळं मायना कुठला घालावा तेच सुचेना. नुसतं नाव राहू दे.

मी आत्याच्या गावात आहे. गजराआत्याचं घर इथून दिसत नाही, पण धरणाचं पाणी दिसतं. आपण उन्हाळ्यात यायचो तेव्हा ज्या बाजूनं म्हशी पाण्यात शिरायच्या, त्याच अंगाला आता एक मोठं फार्महाऊस झालंय. त्याच्या वरच्या मजल्यावर बसून लिहितेय. मी इथं आल्याचं आत्याला कळलं तर ती भाकरी बांधून फाटकावर येऊन उभी राहील. फाटकावरचा माणूस तिला आत सोडणार नाही आणि मला बाहेर सोडणार नाही. म्हणून तिला कळवलंच नाही.

कारण सांगते. पेटीच्या एकलवादनाची स्पर्धा आहे, शास्त्रीय, तिशीच्या आतल्या वादकांसाठी. रणधीरराव म्हणून इथले बागायतदार आहेत, त्यांनी आईच्या नावानं प्रतिष्ठान काढलंय. शेवटची फेरी फेब्रुवारीत धाराशिवला लोकांसमोर होईल. पहिला येईल त्याची पुण्याला मोठ्या गुरूंच्या घरी दोन वर्षं राहून शिकायची सोय आहे. आपल्या भागातल्या पोरांना असं कुणी देत नाही. साठाच्या वर ध्वनिमुद्रणं आलीत. त्यातून बारा जणांना बोलवायचं, आणि ते बारा कोण हे ठरवायला आम्ही तिघं परीक्षक चार दिवस इथं कोंडलेलो आहोत.

कोंडलेलो हा शब्द माझा. प्रतिष्ठानचे बलभीम सर म्हणतात 'मुक्कामी आहोत'. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आल्या आल्या त्यांनी आमचे फोन घेऊन कपाटात ठेवले आणि किल्ली जानव्याला अडकवावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. गेल्या वर्षी परीक्षकांना सारखे फोन गेले, वशिले लागले, निकालावरून भांडणं झाली. म्हणून यंदा आमची नावंही कुणाला सांगितलेली नाहीत.

मग एका कागदावर सह्या घेतल्या. परीक्षकाचा निकटचा नातेवाईक स्पर्धेत नसावा, आढळल्यास स्पर्धक बाद. मी न वाचल्यासारखी सही केली. माझे नातेवाईक आता कुठं राहिलेत, असं मनात आलं.

माझ्या लेकीला, अर्पिताला, चार दिवस माझा आवाज ऐकू येणार नाही. पाच वर्षांची झाली ती. बसवराज सांभाळतील, पण झोपताना ती त्रास देते. तिला पत्र लिहावं म्हणून कागद घेतला होता, तर तिला वाचता येत नाही, आणि समोर हे पाणी. तुझंच नाव आलं.

तू पेटी वाजवतोस का रे अजून? मला कुणी सांगत नाही.

सोनाली


माकणी, मंगळवार, ७ जानेवारी
सकाळ

कृष्णा,

आम्ही निवडतो कसं ते तुला सांगते. लहानपणी तुळजापूरला भजन स्पर्धेत नंबर गेला की तू म्हणायचास, परीक्षक झोपले होते. तर ऐक.

खाली एक लांब खोली आहे. तीन भिंतींना तीन टेबलं, आम्ही तिघांनी भिंतीकडं तोंड करून बसायचं, म्हणजे एकाच्या मानेचं हलणं दुसऱ्याला दिसू नये. मधे स्पीकर. बलभीम सर नुसता आकडा पुकारतात आणि मुद्रण लावतात. नाव नाही, गाव नाही, चित्र नाही. दहा मिनिटं वाजवणं, आधी विलंबित, मग द्रुत. संपलं की कागदावर तीनपैकी एक शब्द लिहायचा. 'हो', 'नाही', नाहीतर 'परत'. गुण पहिल्या फेरीत द्यायचे नाहीत. हे सिद्धम्मा अम्मांनी भांडून ठरवून घेतलं. त्या सोलापूरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, पन्नास वर्षं मोठमोठ्या गवयांना साथ केलेली. म्हणाल्या, "गुण द्यायला लागलं की माणूस ऐकायचं सोडतो आणि बेरीज करत बसतो बघ."

दुसरे महांतप्पा गुरुजी, उमरग्याचे, तबल्याचे. त्यांना पेटीतलं सगळं कळत नाही, ते स्वतः कबूल करतात. "मला फक्त लय कळती," म्हणतात. पण लयीत ते कुणाला सोडत नाहीत. बरीच मुलं फोनवरच्या ठेक्यावर वाजवतात, तबलजी परवडत नाही किंवा मिळत नाही. गुरुजी म्हणतात, "मशीन कुणासाठी थांबत न्हाय. जो चुकतो तो उघडा पडतो, ते लई बरं हाय."

मी भाता ऐकते. बोटं सगळ्यांची पळतात. पण डावा हात श्वास कुठं घेतो, सूर मरू न देता कुठं सोडतो, ते ऐकलं की वाजवणारा कळतो.

एकाच गोष्टीवर तिघांचं तीन तऱ्हेचं मत होतं. सकाळी एकानं अगदी निर्मळ वाजवलं, कुठं डाग नाही. मी 'हो' लिहिलं. चहाच्या वेळी कळलं की अम्मांनी 'नाही' लिहिलंय. मी विचारलं, "का हो अम्मा?"

"कुठं चुकला तो?"

"कुठंच नाही."

"तेच की. ज्याला घरी शंभरदा घोटून आणलेलं दहा मिनिटं वाजवता येतं, त्याला अकरावं मिनिट दिलं तर काय करंल? जो चुकतो आणि मग सावरतो, त्याचं मला कळतं. ह्याचं मला काहीच कळलं नाही."

मला पटलं असं नाही. पण चहानंतर मी तेही ऐकायला लागले.

खिडकीला जाळ्या आहेत. उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज येतो तेवढाच बाहेरचा. बोलावतायत.

सोनाली


मंगळवार, संध्याकाळ

कृष्णा,

आता हे पत्र तुलाच आणि तुझ्याबद्दलच. कसं लिहायचं मला माहीत नाही.

जेवणानंतर बलभीम सरांनी एक्केचाळीस नंबर पुकारला. आधी दोनदा नुसता भाता हलला, सुराशिवाय. पेटीला श्वास घेऊ दे, असं म्हणत आण्णा तेवढंच करायचे, दोनदा. मी मान वर केली. जगात कुणीही दोनदा भाता हलवील, म्हणून परत खाली बघितलं. मग पटदीप राग सुरू झाला आणि तू मंद्रातल्या निषादावर येऊन थांबलास. आपल्या पेटीतला तो निषाद घोगरा आहे. आण्णांनी तो सूर कधी बदलून घेतला नाही, म्हणायचे, घरातल्या एकाचा आवाज बसलेलाच असतो.

कृष्णा, भिंतीकडं तोंड होतं म्हणून बरं झालं.

विलंबित तू फार सुंदर वाजवलंस. हे मी बहीण म्हणून लिहितेय की परीक्षक म्हणून, मला सांगता येत नाही, आणि सगळी अडचण तीच आहे. द्रुत मात्र घाईनं. तुला दाखवायचं होतं काहीतरी. एक तिहाई, तीनदा फिरवलेला तुकडा, अर्धी मात्रा आधी संपली. मशीन पुढं निघून गेलं. पण तू तीच तिहाई पुन्हा उचललीस आणि समेवर आणून ठेवलीस, जणू तसंच ठरलं होतं. मागनं अम्मांचा हुंकार ऐकू आला.

आणि मुद्रण बंद होण्याच्या आधी लांबून कुणीतरी खोकलं. बाकी दोघांच्या लक्षात आलं नाही. आईचा खोकला मी सहा वर्षांनी ऐकला, कृष्णा. बलभीम सरांनी पुढचा आकडा पुकारला, त्या मुद्रणातला मला एक सूर ऐकू आला नाही. त्या पोरावर अन्याय झाला असेल तर माझ्यामुळं.

त्या दोघांनी तुला 'हो' लिहिलं. मी 'परत' लिहिलं, कारण 'हो' लिहायचा मला हक्क नाही, आणि 'नाही' लिहिलं असतं तर ते आण्णांच्या दहाव्याचं उत्तर झालं असतं. मी माझ्या मनानं बसवराजांशी लग्न केलं म्हणून, बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी दारात उभा राहून तू जे म्हणालास ना, "हिचा आमचा काही संबंध न्हाय," ते माझ्या हाताला आठवलं असतं.

त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं तेही लिहिते. सांगितलं की तू बाद. तुझी काही चूक नाही, परीक्षक कोण ते तुला कुठं माहीत होतं. मार्चमध्ये तुला तीस पूर्ण होतात, म्हणजे पुढच्या वर्षी नाही. तू पहाटे गोठ्यातलं उरकून रियाज केला असशील. आणि ज्या बहिणीला तू बहीण मानत नाहीस, तिच्यामुळं बाद व्हायचं.

न सांगता गप्प बसले तर उद्या कधीतरी कुणीतरी शोधून काढणार, आणि मग तुलाच चोर म्हणणार. आजारी पडले असं सांगून उठावं, तर दोघंच उरतात, निवड थांबते, आणि बलभीम सर कारण विचारल्याशिवाय राहणारे नाहीत. मी चारी बाजूंनी हात लावून बघितला. सगळीकडं जाळीच आहे.

मघाशी चहाला बसलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "सोनालीताई, तुमी आज बोलत न्हाय." मी म्हणाले, डोकं दुखतंय.


बुधवार, ८ जानेवारी
दुपार

आज रणधीरराव आले होते. शेतातला हुरडा घेऊन आले, आमच्यासोबत बसले. बोलायला गोड माणूस. जाता जाता म्हणाले, "निवडीत आम्ही पडत नाही. पण बारात एखादा तरी आपल्या जिल्ह्यातला असावा एवढं आमच्या आईच्या आत्म्याला वाटत असंल."

अम्मांनी हातातलं कणीस ताटात ठेवलं. "आम्हाला आकडेच माहितेत, साहेब. जिल्हा ऐकू येत नाही."

ते हसले. मी खाली बघत होते. त्या खोलीत एकटी मीच अशी होते जिला जिल्हा ऐकू आला होता. आता तुझ्या बाजूनं शब्द काढला तर त्यांच्या सांगण्यावरून काढला असं होणार.

दुसऱ्या फेरीत तू पुन्हा लागलास. मी ऐकायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. कान देऊन. पण मला पेटी ऐकूच येईना. मला आपली पडवी ऐकू येत होती, आण्णांचा गुडघ्यावरचा ताल, तू चुकलास की मी हसायचे आणि तू रडकुंडीला यायचास ते. वीस वर्षं मी हे काम करते, मुलांना शिकवते, परीक्षा घेते. माझ्याकडं कानाशिवाय दुसरं काही नाही. तोच गेला.

आता दार बंद करून बसलेय. बंद करायची गरज नाही, कुणी येत नाही. सवय लागली.


गुरुवार, ९ जानेवारी
दिवेलागण

कृष्णा,

झालं. कसं झालं ते सगळं लिहिते, कारण दोन दिवसांत तुला प्रतिष्ठानचं पत्र येईल आणि त्यात एकच ओळ असेल.

सकाळी अकरा नावं, म्हणजे अकरा आकडे, नक्की झाले. त्यावर फार वाद झाला नाही. बाराव्या जागेला दोन उरले, सतरा आणि एक्केचाळीस. आज टेबलं मधे आणली होती, समोरासमोर बोलायचं होतं.

गुरुजी म्हणाले, "माझा सतरा. एक्केचाळीसवाला द्रुतात सुटला. सुटला म्हंजे सुटला."

"सुटला आणि परत आला की," अम्मा म्हणाल्या. "सतरा कधी सुटलाच नाही, कारण तो कुठं गेलाच नाही. मला एक्केचाळीस पाहिजे."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. बलभीम सरांनी पेन उघडून धरलं होतं.

मी म्हणाले, "मला यावर मत देता येणार नाही."

"का?" अम्मांनी विचारलं.

"कारण सांगितलं तर त्याचं नुकसान आहे."

गुरुजींनी चष्मा काढला. मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. पण बोलून गेल्यावर कळलं की आता ते दोघंही तुला पूर्वीसारखं ऐकू शकणार नाहीत. आकड्याला नातेवाईक फुटला होता. अम्मांनी हळूच विचारलं, "पोरगा आहे?"

"भाऊ. धाकटा. सहा वर्षं बोलणं नाही. तो स्पर्धेत आहे हे मला मुद्रण लागल्यावर कळलं."

"मंगळवारी?"

"हो."

"आणि आज गुरुवार." त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही.

बलभीम सर उठून बाहेर गेले. त्यांच्याकडंच फोन, त्यांनी रणधीररावांना लावला. अर्ध्या तासात गाडी आली. मला वेगळ्या खोलीत बोलावलं. रणधीरराव मोकळेपणानं बोलले. त्यांना एक्केचाळीसवाला जिल्ह्यातला आहे हे आता कळलं होतं, आणि सगळ्या मुद्रणांत जिल्ह्यातला इथवर आलेला तो एकटाच.

"ताई, तुमचं भावाशी जाणं-येणं न्हाय?"

"नाही."

"बोलणं न्हाय, लग्नकार्य न्हाय. जमिनीत वाटा?"

"सोडून दिलाय."

"मग नातं कशाला म्हणायचं त्याला? आमच्या नियमात निकटचा नातेवाईक लिहिलंय. हा निकटचा कुठं राहिलाय?" ते बलभीम सरांकडं वळले. "सर, लिहा."

सरांनी लिहिलं. त्यांचं अक्षर फार देखणं आहे. 'सदर स्पर्धकाशी माझा कोणताही कौटुंबिक संबंध राहिलेला नाही.' खाली माझ्या सहीला जागा. रणधीरराव म्हणाले, सही केली की प्रश्न मिटला, अम्मांचं मत आहेच, बरोबरीत कौल प्रतिष्ठानचा, पोरगं बारात. मीही मत दिलं नाही असं होतं. कुणाचंच खोटं नाही. दिवे लागायच्या आत सांगा, म्हणाले, आणि दोघं बाहेर जाऊन बसले.

मी कागद समोर घेऊन बसले. पेनही हातात घेतलं.

तुला वाटेल तिला काय जड होतं. खरंच काही जड नव्हतं. तू तेच वाक्य चारचौघांत म्हणाला होतास, भटजी होते, भाऊकी होती, आई आत होती. तेव्हा आभाळ कोसळलं नाही. मी बसवराजांचा हात धरून मागं फिरले, धाराशिवची एसटी पकडली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तास घेतले. मग हे तर चार माणसांत, बंद खोलीत, आणि तुझ्या भल्यासाठी. तू पुण्याला गेला असतास. तुझ्यात तेवढं आहे, हे त्या दोघांनी मला न विचारता सांगितलंय, त्यामुळं ते खरं आहे.

अम्मा मधे एकदा दारात आल्या. म्हणाल्या, "सही केलीस तर मी माझं मत बदलणार नाही. त्याचं वाजवणं तेच आहे. पण तुझ्यासोबत परत परीक्षक म्हणून बसणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि नाही केलीस तर तुझा भाऊ तुझं तोंड बघणार नाही. तेही आहेच."

"तो तसाही बघत नाही," मी म्हणाले.

"मग सोपं आहे की."

सोपं नव्हतं. मी पेन टेकवलं, माझ्या नावातला 'सो' काढला आणि पुढं हात गेला नाही. कृष्णा, मी खरेपणासाठी थांबले असं समजू नको. तेवढी खरी असते तर मंगळवारीच उठून उभी राहिले असते. तुझ्यावर सूड उगवला असंही नाही, हे मी देवीची शपथ घेऊन सांगते, पण तू मानशील का ते तुझ्याकडं. मला फक्त ते वाक्य लिहिता आलं नाही. कदाचित मला तुझी बहीण राहायचा लोभ सुटला असेल. त्या लोभाची किंमत तू भरायची, हे मला कळत होतं, तरीही नाही आलं.

कागद परत दिला. रणधीरराव तसेच गाडीत बसले. बलभीम सरांनी एक्केचाळीसवर रेघ मारली आणि सतरा लिहिला. गुरुजी, ज्यांनी सतरा मागितला होता, ते म्हणाले, "आसं जिंकायचं न्हवतं मला."

तुला येणाऱ्या पत्रात लिहिलेलं असेल, 'परीक्षकाचे निकट नातेवाईक असल्याने अपात्र'. ही पत्रं त्याच्या आधी तुझ्या हातात पडावीत म्हणून उद्या लोहाऱ्यात गाडी बदलताना टपालात टाकणार आहे. सगळी टाकते, पहिलंसुद्धा.

फोन मिळाला. अर्पिता फोनवर रडली नाही, उलट मलाच विचारलं, तू कुठं लपली होतीस.

सोनाली


धाराशिव, रविवार, २ फेब्रुवारी २०२५

कृष्णा,

काल तू येऊन गेलास, त्याबद्दल लिहिते. तुला सगळं माहीतच आहे. पण तू उंबऱ्याच्या बाहेर उभा होतास, आत काय झालं ते तुला दिसलं नसेल.

दार मी उघडलं. तू बारीक झालायस, आणि आण्णांसारखा दिसायला लागलायस, कपाळाकडून. मी म्हणाले, "आत ये."

"बसायला न्हाय आलो."

तुझ्या खिशात माझी पत्रं होती, गुंडाळी करून. समोरच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालायच्या थांबल्या. तू आवाज चढवला नाहीस, तरी त्यांना ऐकू जात होतं.

"एक सही जड झाली तुला?"

"जड न्हवती. झाली न्हाय."

"मी तर भाऊकीपुढं बोललो होतो. तू चार माणसांत म्हणली असतीस. मी गेलो असतो पुण्याला. तुझा काय तोटा होता त्यात?"

"काही न्हाय."

"मग?"

"मला ते वाक्य खोटं वाटलं, कृष्णा."

"मला खरं वाटत होतं," तू म्हणालास. मग चपलेकडं बघत म्हणालास, "म्हणताना."

तूच पुढं सांगितलंस की आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, शेजारपाजाऱ्यांना वाटायचं भजनाची तयारी चाललीय. ते मुद्रण तू सतरा-अठरा वेळा केलंस आणि तिहाई चुकलेलंच पाठवलंस, कारण त्यातलं विलंबित पुन्हा तसं आलं नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. तू निवडलंसही बरोबर, हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता सांगते. मी असते तरी तेच पाठवलं असतं.

तुला वाटत असेल मी सुटले. बलभीम सरांचा निरोप आला, पुढच्या वेळी आपल्याला तसदी देणार नाही. अम्मांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. शाळेत पोरांची पेटी ऐकताना मधेच कान बंद होतो, मग त्यांना परत वाजवायला लावते. तू तिथं अडकलायस आणि मी इथं. शेवटच्या फेरीला जायचा पास टेबलावर पडलाय, जाववत नाही. सतरा नंबरवाला कोण आहे तेही मी विचारलेलं नाही.

तू तोंड फिरवलंस तेव्हा बसवराज पाण्याचा तांब्या घेऊन आले होते. तू घेतला नाहीस. त्यांना वाईट वाटलं नाही, ते म्हणाले, दारापर्यंत आला हे काय कमी आहे. त्यांच्या मागनं अर्पिता आली. तिनं आमच्या दोघांच्या मधून डोकं बाहेर काढून तुझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

बसवराजांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं नाही. तो प्रश्न तुला विचारला होता.

तुझा चेहरा मला दिसत होता. मग तू तिला म्हणालास, "कृष्णराज." आणि जिना उतरून गेलास.

नुसतं नाव सांगितलंस. तिला ते पुरलं नाही. दुपारभर माझ्या मागं लागली, कृष्णराज म्हणजे आपले कोण. बसवराज म्हणाले, तूच सांग. मी सांगितलं, मामा. त्यावर तिनं विचारलं, "मग आत का नाही आले?"

याचं उत्तर मी दिलेलं नाही. तिला म्हणाले, ते आले की त्यांनाच विचार. मामा नाही असं तुला अजून म्हणायचं असेल, तर तेही तूच येऊन तिला सांग. मी तिला तसं सांगणार नाही, कृष्णा, आणि लिहूनही देणार नाही.

तुझी अक्का